राईनपाड्याचा निकाल लागला, व्हॉट्सअ‍ॅपचा हिशेब बाकी आहे

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठेचून मारलं. आठवडे बाजाराचा दिवस होता. मारले गेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. त्यांतले बहुतेक मंगळवेढा तालुक्यातल्या खवे आणि मानेवाडी या गावांचे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, ही अफवा त्यांच्या आधीच व्हॉट्सअ‍ॅपवरून त्या भागात पोहोचली होती.

फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. ज्यांनी हात उचलला, त्यांना शिक्षा झाली. मात्र अफवा ज्या यंत्रणेतून धावली, तिच्या मालकाला खव्याच्या विधवांनी काही विचारावं, अशी जागा आपल्या व्यवस्थेत तेव्हा नव्हती, आजही नाही.

मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांच्या मक्तेदारीवर सध्या जगभर चर्चा आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने गुगलने सर्चमधली मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवल्याचा निकाल दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये भारताच्या स्पर्धा आयोगाने व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१च्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला. हे महत्त्वाचं आहेच. पण ही भाषा बाजाराची आहे. प्रतिस्पर्धी कंपनीचं नुकसान मोजण्याची फूटपट्टी कायद्याकडे आहे. माणसाच्या जिवाचं मोजमाप करायचं तर तो २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ कडे बोट दाखवतो. त्यानुसार कंपनी ही फक्त ‘मध्यस्थ’, इतरांनी टाकलेल्या मजकुराला ती सहसा जबाबदार नाही.

ती खरंच फक्त मध्यस्थ आहे का? राईनपाड्यानंतर काय घडलं ते पाहा. केंद्र सरकारने व्हॉट्सअ‍ॅपला पत्र पाठवलं. कंपनीने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. दहा दिवसांच्या आत पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण दिसू लागली. त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा आणण्याची घोषणा झाली. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली गेली.

या पावलांचं तेव्हा कौतुक झालं. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसते. ब्रेक पहिल्यापासून कंपनीच्याच पायाखाली होता. तो दाबायला नवा शोध लागला नाही, नवा कायदाही लागला नाही. माणसं मरेपर्यंत तो दाबला गेला नाही, एवढंच. पुढे २०२२ मध्ये याच कंपनीने ग्रुपमधल्या सदस्यांची मर्यादा २५६ वरून १,०२४ वर नेली. आवळणं तिच्या हातात, सैल सोडणंही तिच्याच हातात. यातला एकही निर्णय घेण्यापूर्वी कोणत्या ग्रामसभेला, विधिमंडळाला किंवा संसदेला विचारलं गेलं? दामाजीपंतांच्या कथेत मंगळवेढ्याच्या भुकेल्यांना निदान कोठाराच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, हे ठाऊक होतं. आणि त्या किल्लेदारालाही बिदरच्या दरबारात जाब द्यावा लागला होता.

यावर एक आक्षेप येतो, तो रास्तही आहे. अफवा मोबाईलच्या आधीही होत्या आणि दगड माणसांनीच उचलले. त्याच १ जुलैला मालेगावात याच अफवेने पेटलेल्या जमावाने एका लहान मुलासह पाच जणांना घेरलं. तिथल्या एका मुस्लिम रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतलं आणि पोलिसांनी त्यांचा जीव वाचवला. म्हणजे माणसाला निवड असते. कानावर आलेली बातमी आधी पडताळून घ्या, ही कुराणाची शिकवण मशिदींतून कित्येकदा सांगितली जाते. ती आपण पाळत नसू तर दोष आपलाच. पण पडताळणीला वेळ लागतो, आणि पुढे ढकलण्याचं बटण बनवणाऱ्याने तो वेळच काढून घेतला आहे. ते बटण कसं असावं हे ज्याने ठरवलं, त्याची जबाबदारी आपल्या जबाबदारीने पुसली जात नाही.

मुस्लिम समाजाला हा विषय दोन्ही बाजूंनी भिडतो. २०१४ मध्ये फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुण्यात तणाव झाला आणि त्या चित्रांशी काहीही संबंध नसलेला सोलापूरचा एक मुस्लिम आयटी कर्मचारी हडपसरला मारला गेला. २०२३ मध्ये काही मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. पहिल्या वेळी आपला तरुण बळी होता, दुसऱ्या वेळी आपली मुलं आरोपी.

म्हणूनच कंपनीच्या किल्ल्या काढून सरकारच्या हाती द्या, असं मी म्हणणार नाही. संदेश मुळात कुणी पाठवला हे शोधून द्या, असं २०२१चे नियम सांगतात. त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. या एका मुद्द्यावर मला कंपनीची बाजू पटते. खासगी बोलण्याचं कुलूप एकदा उघडलं, की सर्वात आधी कुणाचे संदेश वाचले जातील, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

मागणी साधी आहे. लोकांच्या मजकुराची जबाबदारी कंपनीवर टाकू नका. तिने स्वतः घेतलेल्या निर्णयांची टाका. बटण, मर्यादा, ग्रुपचा आकार बदलण्यापूर्वी धोका तपासला का, हे तिने जाहीर करावं, आणि मराठीतही करावं. तपासणी करायला सरकार आणि कंपनी या दोघांपासून स्वतंत्र असलेली यंत्रणा हवी. तिथे बाधित कुटुंबाला वकिलाच्या फीशिवाय दाद मागता यावी.

डवरी गोसाव्यांच्या बाजूने बोलणारा मोठा मतदारसंघ नाही. प्रश्न तरी कुणी विचारायचा? जे उद्या त्यांच्या जागी असू शकतात, त्यांनी तो आजच विचारला पाहिजे. त्यांत आपण पहिले आहोत.