मोठ्याने बोलतो तो उपग्रह नव्हे

छातीत दुखते म्हणून मध्यरात्री आलेल्या रुग्णाचा ईसीजी काढताना कधीकधी कागदावरची रेघ करवतीच्या दातांसारखी उमटते. ती थरथर हृदयाची नसते. खाटेजवळच्या वायरमधली ५० हर्ट्झची वीज आलेखात उतरलेली असते. आमच्या सिस्टर पंखा बंद करतात, इलेक्ट्रोड पुन्हा नीट लावतात आणि तरीही उरलेली थरथर यंत्रातला फिल्टर गाळतो.

या गाळणीचा एक हुशार प्रकार आहे. समोरचा गोंगाट जसा बदलेल तशी ती स्वतःला क्षणोक्षणी बदलते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बर्नार्ड विड्रो आणि त्यांचे विद्यार्थी टेड हॉफ यांनी १९६०च्या सुमारास तिचे सोपे गणित मांडले. पुढे १९७५ मध्ये विड्रो व सहकाऱ्यांनी त्याच तत्त्वाने ईसीजीतली विजेची थरथर काढून दाखवली. आईच्या हृदयाचे ठोके वजा करून पोटातल्या बाळाचे ठोकेही वेगळे केले.

हेच तत्त्व आज रुग्णवाहिकेच्या वाटेवरही उपयोगी आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संकेत आपल्यापर्यंत पोहोचतो तेव्हा इतका क्षीण झालेला असतो, की रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीखाली तो दबून जातो. त्याची सांकेतिक खूण आधीच ठाऊक असल्यामुळेच रिसीव्हर त्याला ओळखून वर काढतो. जवळपास एखादा छोटा जॅमर सुरू असला तर मात्र तेही जमत नाही. अमेरिकेतील नेवार्क विमानतळाजवळ २०१२ मध्ये एका वाहनचालकाने, मालकाला आपला ठावठिकाणा कळू नये म्हणून, असा जॅमर गाडीत लावला होता. त्याने विमानतळावरच्या जीपीएस-आधारित यंत्रणेत व्यत्यय आला. पुढे त्याला जवळपास ३२ हजार डॉलरचा दंड ठोठावण्यात आला.

यावरचा उपाय मोठा गमतीदार आहे. खरा उपग्रह कुजबुजतो. म्हणजे जो मोठ्याने बोलतो तो उपग्रह नव्हेच. रिसीव्हरला एकाऐवजी अनेक अँटेना जोडतात आणि प्रत्येकीकडून आलेल्या संकेताला कमीजास्त वजन देत, एकूण आवाज कमीत कमी होईल अशी जुळणी सतत चालू ठेवतात. त्यामुळे जॅमरच्या दिशेला रिसीव्हर जणू बहिरा होतो. जॅमर हलला की बहिरेपणाची दिशाही हलते. चार अँटेना असतील तर अशा तीन दिशा बंद करता येतात. एकच अँटेना असेल तर विशिष्ट लहरींवरचा गोंगाट तेवढा नेमका कापता येतो. त्यासाठी जास्तीचा अँटेना लागत नाही, हिशेब पुरतो.

पण डॉक्टर म्हणून मला गाळणीची दुसरी बाजूही ठाऊक आहे. ईसीजीचा फिल्टर चुकीचा लावला तर एसटी भागाचा आकार बदलतो आणि हृदयविकाराचे निदान चुकू शकते. म्हणूनच ईसीजीच्या कागदावर, खालच्या कडेला, कोणता फिल्टर लावला होता ते छापलेले असते. रिसीव्हरचेही तसेच आहे. जॅमरच्या दिशेला कान बंद केले की त्याच दिशेचा खरा उपग्रहही ऐकू येत नाही. शिवाय कोणी उपग्रहाची नक्कल करून हलक्याच आवाजात खोटा संकेत पाठवला, तर मोठा आवाज ओळखण्याची युक्ती उपयोगी पडत नाही. हा धोका दूरचा नाही. अमृतसर आणि जम्मू परिसरात नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात विमानांच्या जीपीएसमध्ये व्यत्यय वा फसवणुकीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे.

लढाऊ विमानांत अनेक अँटेनांचे महागडे रिसीव्हर असतात. प्रत्येक रुग्णवाहिकेला तसा द्यावा, असे मी म्हणणार नाही. पण रुग्णवाहिकेसाठी यंत्र घेताना निव्वळ सर्वांत कमी किंमत पाहू नये. निविदेत दोन अटी हव्यात. पहिली, व्यत्यय असताना यंत्र कसे वागते याची चाचणी घ्यावी. दुसरी, व्यत्यय जाणवला किंवा स्थान भरवशाचे वाटेनासे झाले, तर पडद्यावर तसे ठळकपणे दिसावे. मग चालक गाडी थांबवून फोन करील, चौकातल्या पानवाल्याला विचारील. यंत्राने चुकीची जागा बिनदिक्कत दाखवली तर तो विचारणारच नाही, आणि झटका आलेल्या रुग्णाची ती मिनिटे परत मिळत नाहीत.

परवानगीशिवाय जॅमर वापरणे आपल्याकडेही बेकायदा आहे. गाडीचा माग लागू नये म्हणून असे खेळणे घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच रस्त्याने मागून रुग्णवाहिका येत असते.