कसलं रहस्य बे?

परवा ऑफिसात एकाने जपानी जादूच्या आरशाचा व्हिडिओ दाखवला. झालं! सगळे इंजिनिअर एका सुरात, 'प्राचीन रहस्य!' कसलं रहस्य बे? काशाचा आरसा, पाठीवर उठावाची नक्षी. पुढून घासताना पातळ भाग दबतो, मग किंचित फुगून वर येतो आणि उजेड पसरवतो. नक्षीचा जाड भाग उजेड गोळा करतो. म्हणून डोळ्याला सपाट, भिंतीवर बुद्ध! एअर्टन आणि पेरी यांनी १८७८ सालीच हे मांडलंय. याच युक्तीने चिपच्या सिलिकॉन चकत्यांचा सपाटपणा तपासतात, म्हणजे आपल्याच पोटापाण्याची गोष्ट. आणि आपण जादू म्हणून मोकळे! रमणांच्या नावाचं विज्ञान केंद्र असलेल्या नागपुरात निदान उन्हाची तरी टंचाई नाही. घरातली जुनी स्टीलची थाळी उन्हात धरा, कवडसा भिंतीवर पाडा. एरवी न दिसणारे पोचे दिसतील. मग बोलू रहस्यावर.