क्लाउडफ्लेअर दोनदा पडलं, हल्ला कुणीच केला नव्हता

१८ नोव्हेंबर २०२५ ला संध्याकाळी पाचच्या सुमारास एक्स उघडेना, चॅटजीपीटी चालेना. तुम्हीही वायफाय बंद-चालू करून पाहिलं असेल. पण दोष फोनचा नव्हता. या साइट्सच्या दारात वॉचमनसारखं उभं असलेलं क्लाउडफ्लेअरच ५०० एरर देत होतं. ५०० म्हणजे तुमची रिक्वेस्ट पोहोचली, पण सर्व्हरचंच बिनसलं.

झालं असं, की बॉट ओळखण्यासाठी क्लाउडफ्लेअर लक्षणांची एक फाइल वापरतं. ती दर पाच मिनिटांनी नवी बनते आणि जगभरच्या सर्व्हरवर जाते. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्या बदलल्या. फाइल बनवणाऱ्या क्वेरीत कुठल्या डेटाबेसमधून वाचायचं हे लिहिलेलंच नव्हतं, त्यामुळे त्याच त्या ओळी परत यायला लागल्या आणि फाइल फुगली. वाचणाऱ्या प्रोग्रॅमची मर्यादा होती २०० लक्षणांची. ती ओलांडल्यावर एरर सांभाळायची सोयच नव्हती, प्रोसेस सरळ कोसळली.

त्यात डेटाबेस हळूहळू अपडेट होत होता, म्हणून कधी चांगली फाइल निघायची, कधी खराब. साइट्स चालू, बंद, परत चालू. वेगळीकडे होस्ट केलेलं त्यांचं स्टेटस पेजही योगायोगाने तेव्हाच बंद पडलं. इंजिनिअर्सना मोठ्या हल्ल्याचा संशय आला, यात मला नवल वाटत नाही. बहुतेक ट्रॅफिक सुरळीत व्हायला रात्रीचे आठ वाजले.

नंतर सगळे रस्टमधल्या त्या एका ‘अनरॅप’वर तुटून पडले. मला ते पटत नाही. कोड सोडताना आपण रिव्ह्यू करतो, टेस्ट चालवतो, आधी थोड्याच सर्व्हरवर टाकून बघतो. कॉन्फिग फाइल मात्र ‘आपलीच तर आहे’ म्हणून थेट सगळीकडे. खरी गडबड इथे आहे.

५ डिसेंबरला तेच परत दिसलं. रिअ‍ॅक्टमधली गंभीर सुरक्षा त्रुटी दोनच दिवस आधी जाहीर झाली होती. ग्राहकांना वाचवण्यासाठी केलेला मुख्य बदल क्लाउडफ्लेअर टप्प्याटप्प्यानेच सोडत होतं. पण त्या बदलाशी न जुळणारं एक अंतर्गत टेस्टिंग टूल बंद करायचं बटण गेलं काही सेकंदांत जगभर पोहोचणाऱ्या सिस्टिममधून. जुन्या ल्युआ कोडमध्ये वर्षानुवर्षं दडलेला बग जागा झाला. दुपारी २:१७ ते २:४२, त्यांच्या एचटीटीपी ट्रॅफिकपैकी साधारण २८ टक्के ट्रॅफिकला फटका. शेअर बाजार चालू, आणि झिरोधा, ग्रो अडकलेले. पोझिशन उघडी असताना २५ मिनिटं किती लांब वाटतात, हे ट्रेडिंग करणाऱ्याला विचारा.

तुम्ही नोड किंवा जँगोमध्ये काही बनवत असाल, तर आपलीच फाइलसुद्धा परक्याने पाठवल्यासारखी तपासा: आकार, ओळींची संख्या, डुप्लिकेट. नापास झाली तर लॉगमध्ये बोंब मारा, पण सर्व्हर पाडू नका. आधीची चांगली फाइल वापरत राहा. बॉटची यादी तासभर जुनी राहिली तर चार बॉट आत येतील, तेवढं परवडतं. पेमेंट किंवा लॉगिनच्या नियमांना मात्र हा हिशोब लावू नका. तिथे शंका आली की दार बंद ठेवलेलंच बरं.

डिसेंबरमध्येच क्लाउडफ्लेअरने ‘फेल स्मॉल’ नावाची मोहीम जाहीर केली. कॉन्फिगही आता कोडसारखंच टप्प्याटप्प्याने सोडायचं, हा तिचा मोठा भाग आहे.