डायनामो काढून आल्टरनेटर : विमानातला बदल

गॅरेजमध्ये काम करणाऱ्या आमच्या भावांना डायनामो हा शब्द नवा नाही. ज्यांनी जुन्या जीपगाड्या खोलल्या, त्या उस्तादांनी काळे पडलेले कॉम्युटेटर पॉलिश पेपरने घासले आहेत, झिजलेले कार्बन बदलले आहेत, कटआउटचे पॉइंट साफ केले आहेत. पुढे आल्टरनेटर आले आणि डायनामो भंगारात गेले. आज त्यांच्याच घरांतली काही मुले विमान देखभालीचे शिक्षण घेत आहेत. म्हणून या महिन्यात हाच बदल लहान विमानात कसा होतो, ते पाहू या.

उदाहरण सेसना १७२ चे घेऊ. चार आसनांचे, एका इंजिनाचे हे अमेरिकी विमान १९५६ साली बाजारात आले. आजवर ४४ हजारांहून अधिक तयार झाली. इतकी संख्या दुसऱ्या कोणत्याही विमानाची नाही. सुरुवातीच्या १७२ मध्ये १४५ अश्वशक्तीचे सहा सिलिंडरचे इंजिन आणि त्यावर डायनामो असे. विमानवाले त्याला जनरेटर म्हणतात. अमेरिकेत अशी जुनी विमाने अजून उडतात आणि त्यांचे मालक कधी ना कधी या प्रश्नाशी येतातच : जनरेटर काढावा का?

प्रश्न पडतो तो बहुधा रात्री. धावपट्टीकडे इंजिन हळू चालवत जाताना जनरेटर जवळजवळ काहीच देत नाही. नेमके तेव्हाच पुढचा मोठा दिवा, पंखांवरचे दिवे आणि रेडिओ चालू असतात. १०० वॅटचा एक दिवाच १२ व्होल्टवर ८ अॅम्पिअरच्या आसपास ओढतो. जनरेटरची ताकद २० ते ३५ अॅम्पिअर, आणि तीही इंजिन जोरात फिरत असेल तर. म्हणजे विमान उडण्याआधीच बॅटरीतून खर्च सुरू होतो.

जनरेटरचे दुखणे त्याच्या रचनेतच आहे. त्यात वीज फिरत्या आर्मेचरमध्ये तयार होते आणि सगळीच्या सगळी कार्बनमधून बाहेर काढावी लागते. त्यामुळे ठिणग्या, झीज आणि रेडिओत खरखर. आल्टरनेटरमध्ये वीज बाहेरच्या स्थिर गुंडाळीत तयार होते. कार्बनमधून जातो तो फक्त रोटरला चुंबक बनवणारा दोनचार अॅम्पिअरचा प्रवाह. रोटर वेगाने फिरवता येतो, वजन कमी, इंजिन हळू असतानाही चार्जिंग, आणि ६० अॅम्पिअर सहज. डायोड उलटा प्रवाह अडवतात, म्हणून कटआउटची गरजच उरत नाही.

इथपर्यंत सारे फायद्याचे. पण जनरेटरमध्ये एक गुण होता जो आल्टरनेटरमध्ये नाही, आणि आमच्या मते मालकाने पैसे मोजण्याआधी तोच समजून घ्यावा. जनरेटरच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहते. बॅटरी पूर्ण उतरली तरी इंजिन फिरले की तो आपोआप वीज उभी करतो. आल्टरनेटरला मात्र सुरुवातीला बॅटरीकडून थोडा प्रवाह लागतो. जुने वैमानिक बॅटरी उतरली की हाताने पंखा फिरवून इंजिन सुरू करत आणि निघत. आल्टरनेटर बसवल्यावर इंजिन तसेच सुरू होईल, कारण त्याची ठिणगी मॅग्नेटोवर चालते आणि मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. कानाला सगळे ठीक वाटेल. चार्जिंग मात्र शून्य, रेडिओ मुका. १९६५ च्या मॉडेलपासून १७२ चे फ्लॅपही विजेवर चालतात. तेही हलणार नाहीत. दिवसा, मोकळ्या आकाशात यातून निभावते. अंधारात किंवा ढगांत हीच गोष्ट जिवावर बेतू शकते.

दुसरा धोका उलट बाजूचा आहे. रेग्युलेटर बिघडून रोटरला पूर्ण प्रवाह मिळू लागला, तर १४ व्होल्टवर थांबायला हवे ते व्होल्टेज वर चढत जाते. बॅटरी उकळते, रेडिओ जळतो. म्हणून व्होल्टेज हद्दीबाहेर जाताच आल्टरनेटर तोडणारा रिले हवाच. जुना रेग्युलेटर इथे चालत नाही, नवा लागतो. जाडजूड वायर, योग्य क्षमतेचा ब्रेकर, आणि एका मास्टर स्विचच्या जागी दोन भागांचा स्विच : अर्धा बॅटरीचा, अर्धा आल्टरनेटरचा. मग आल्टरनेटर बिघडला तर तो एकटा बंद करून बॅटरीवर घरी येता येते. त्या वेळी अॅमीटरची सुई डिस्चार्जकडे झुकलेली दिसते. वैमानिकाने आल्टरनेटरचा स्विच एकदा बंद करून पुन्हा लावून पाहावा. फरक पडला नाही तर नको ते दिवे, नको ती यंत्रे बंद करून जवळचे विमानतळ गाठावे. २५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी २० अॅम्पिअरच्या भारावर कागदावर सव्वा तास पुरते. जुनी बॅटरी कागद वाचत नाही.

गॅरेजवाल्या भावांना पुढचा नियम जाचक वाटेल. मोटारीचा आल्टरनेटर दिसायला अगदी तसाच असला तरी परवानाधारक विमानात तो बसवता येत नाही. अमेरिकेत विमान खात्याने त्या मॉडेलसाठी मंजूर केलेला संचच घ्यावा लागतो, अधिकृत मेकॅनिकची सही लागते, बदलाची नोंद फॉर्म ३३७ वर होते आणि विमानाचे वजन व तोल नव्याने लिहावा लागतो. आपल्याकडे मंजुरीचा अधिकार डीजीसीएचा आहे. यात कागदी छळापेक्षा अनुभव जास्त आहे. या जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनात जनरेटर पट्ट्यावर नव्हे, गिअरवर फिरतो. जोडणी तुटली तर धातूचे तुकडे थेट इंजिनच्या तेलात जातात. पट्टा तुटला तर चार्जिंग जाते. इथे इंजिनच जाऊ शकते.

मग बदल करावा का? रात्री उडणारे, यंत्रांनी भरलेले विमान असेल तर जरूर करावा. फक्त दिवसा, एका रेडिओवर उडणाऱ्याने आधी हिशेब मांडावा : काय काय चालते आणि किती अॅम्पिअर ओढते. मंजूर एलईडी दिवे बसवले तर भार इतका उतरतो की चांगला, वेळेवर कार्बन बदललेला जनरेटर पुरतो. अनेकांची तक्रार तर जनरेटरची नसतेच. गंजलेल्या अर्थिंगची किंवा सैल टर्मिनलची असते. ते तपासायला एक मल्टिमीटर आणि एक दुपार पुरे.