किती वॅटचं, ते नका विचारू

दिवाळीनंतरच्या तारखा घ्यायला मंडळांची माणसं वडशाला नाटक कंपन्यांकडे जातात, तेव्हा नायिका कोण, गाणी किती, सगळं खोदून विचारतात. साउंडवाल्याला मात्र एकच प्रश्न असतो, "किती वॅटचा आहे जी?" ब्रह्मपुरी-कुरखेडा पट्ट्यात मी झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड लावतो, बिघडलेले ॲम्प्लिफायर दुरुस्तही करतो. माझ्या मते विचारायचं ते वेगळंच. मशीन रात्रभरात वीज किती खातं आणि त्यातली स्पीकरपर्यंत पोचते किती?

हॅलोजन गेले, एलईडी आले, लाइटचा भार एकदम उतरला. आता जनरेटर मुख्यतः आमच्या साउंडसाठी घरघरतो, आणि ती घरघर रंगमंचावरच्या टांगत्या माईकमध्ये शिरते. नटी हळू बोलते म्हणून आवाज वाढवावा, तर सोबत जनरेटरही वाढतो. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं कौतुक झालं, ते रास्तच. पण मागच्या रांगेतल्या म्हातारीला शब्द कळतो का, याची चौकशी कुणी करत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र असलं तरी ऐन रंगात लाइन जाते, म्हणून मंडळं जनरेटर सोडायला तयार नसतात. त्यांचंही चूक नाही.

आता मशीन वीज कुठे घालवतं ते पाहा. जुन्या क्लास एबी मशीनमधला ट्रान्झिस्टर अर्धवट उघड्या नळासारखा असतो. अडवलेली वीज त्याच्यातच उष्णता होऊन जाते. पुस्तकात ७८.५ टक्के कार्यक्षमता लिहिलेली असते, ती पूर्ण आवाजावरची. संवाद चालू असताना १०० वॅटचं मशीन सरासरी १२ वॅटच्या आसपास देतं, आणि तिथे गणिताने हिशेब केला तर हाती लागतात जेमतेम २८ टक्के. बाकीची वीज हीटसिंक तापवते. थंडीत आमची पोरं त्यावर हात शेकतात, एवढाच उपयोग. क्लास डी मशीनमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, तेही सेकंदाला लाखो वेळा. आवाज असतो त्या चालू-बंदच्या कमी-जास्त रुंदीत. शेवटची कॉइल आणि कपॅसिटर त्यातून मूळ आवाज गाळून काढतात. अशी मशीनं पूर्ण आवाजावर ९० टक्क्यांपर्यंत सहज जातात.

टीपीए ३११६ या क्लास डी चिपचा बोर्ड २४ व्होल्टवर, म्हणजे इन्व्हर्टरच्या दोन बॅटऱ्यांवर थेट चालतो. मध्ये इन्व्हर्टर लागतच नाही. १५० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या अर्ध्याच वापरल्या तरी १,८०० वॅट-अवर मिळतात. नाटकाची रात्र सात तासांची धरली तर रात्रभर सरासरी अडीचशे वॅट. संवादाला आणि पेटी-तबल्याला ते पुरून उरतात. फक्त बॅटरी चार्जिंगला लावून बोर्ड चालवू नका. व्होल्टेज २८ च्या घरात जातं आणि चिपची मर्यादा २६ आहे.

स्वस्त बोर्ड घेतानाही जपून. पिवळ्या-पांढऱ्या रिंगवर गुंडाळलेली कॉइल असेल तर अर्धा तास वाजवून तिला हात लावून पाहा. चटका बसला, तर वाचवलेली वीज तिथेच जळते आहे. खोक्यावरच्या पीएमपीओच्या, म्हणजे फुगवलेल्या वॅटच्या, हजारांकडे तर बघूच नका.

आणि भोंग्याला हसणं थांबवा. भोंगा एका वॅटला १०५ डेसिबल देतो, साधा बॉक्स ९२. ही १३ डेसिबलची तूट ॲम्प्लिफायरने भरून काढायची म्हणजे वीसपट वॅट. बॉक्स गाण्यांना ठेवा, संवाद चांगल्या भोंग्यावर सोडा. डीजेवाल्यांच्या नादाने आपण छाती धडधडवणारा बास विकत घेतला आणि शब्द घालवून बसलो.

जुनी मशीनं बदलत नाहीत याचं कारण साधं आहे. डिझेल मंडळाचं, मशीन साउंडवाल्याचं. मी खर्च करायचा आणि बचत त्यांची व्हायची, तर घाई कोण करणार? वाचलेल्या डिझेलचे निम्मे पैसे मंडळांनी साउंडच्या भाड्यात वाढवून द्यावेत, आणि करारनाम्यात 'नाटक चालू असताना जनरेटर बंद' अशी अट घालावी. पुढच्या मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, आत आमच्यातले बरेच जण मशीन बदलतील.