दणकट पेटीत जागा किती?

मुलांनो, लॅपटॉप हातातून निसटून जमिनीवर पडला की काय होतं ते मी सांगायला नको. घरात आधी शांतता पसरते आणि मग... जाऊ दे! पण काही लॅपटॉप पडझड सोसण्यासाठीच बनवलेले असतात, बरं का. जपानच्या पॅनासॉनिक कंपनीने १९९६ साली 'टफबुक' नावाची अशी मालिका सुरू केली. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची पेटी, उचलायला मूठ, दारांच्या फटींना रबराच्या पट्ट्या. सैनिक, पोलीस, रानावनात मोजणी करणारे लोक ती वापरतात. त्यांची वापरून झालेली यंत्रं मग जुन्या संगणकांच्या बाजारात येतात.

आपल्या एका आठवीतल्या वाचक मैत्रिणीच्या बाबांनी असाच एक जुना टफबुक आणला आहे. ती विचारते, "यंत्र ठणठणीत आहे, पण जागा फक्त ४० जीबी, आणि तीही भरली. आजीच्या जात्यावरच्या ओव्या त्यात रेकॉर्ड केल्या आहेत. त्या पुसाव्या लागतील का?"

अगं, अजिबात पुसू नकोस! जागा वाढवता येते. मात्र आधी पेटीच्या पोटात काय आहे ते समजून घेऊ या.

जुन्या लॅपटॉपमध्ये माहिती साठवते ती हार्ड डिस्क. तिच्यात चकचकीत तबकड्या गरागरा फिरतात आणि त्यांच्यावरून केसाच्या जाडीपेक्षाही कमी उंचीवर एक वाचणारा काटा सरकत असतो. धक्का बसून काटा तबकडीला टेकला की ओरखडा आलाच! म्हणून टफबुकमध्ये ही डिस्क मऊ गादी लावलेल्या धातूच्या डबीत बसवतात. काही मॉडेलांत तिला ऊब देण्याचीही सोय असते, कारण कडाक्याच्या थंडीत डिस्क फिरायला कुरकुर करते. आपल्या सोयीची गोष्ट म्हणजे बऱ्याच टफबुकमध्ये ही डबी बाजूचं छोटं दार उघडून कपाटाच्या खणासारखी बाहेर ओढता येते.

तिच्या जागी आता एसएसडी बसवायची. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून धक्क्याची भीती कमी. गंमत म्हणजे ही कल्पना काही आजची नाही. १९८२ साली आलेल्या 'ग्रिड कंपास' या लॅपटॉपलाही मॅग्नेशियमची पेटी होती आणि फिरती डिस्क नव्हती. त्यात होती 'बबल मेमरी'. तो नासाच्या अवकाशयानातून फिरून आला! त्याची साठवण मात्र ४०० किलोबाइटपेक्षाही कमी. तुमच्या मोबाइलमधला एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता.

असो. दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली सोपी आहे, डिस्कचं तोंड. बारीक टाचण्यांसारख्या पिनांच्या दोन रांगा दिसल्या तर ती जुनी 'आयडीई' पद्धत. पिना नसून दोन चपट्या पट्ट्या दिसल्या, एक आखूड आणि एक लांब, तर ती 'साटा'. एकीच्या जागी दुसरी थेट बसत नाही. आयडीई असेल तर मधे एक जोडणी, म्हणजे अडॉप्टर, लागतो.

दुसरी गोष्ट अशी, की तुमच्या यंत्राला किती मोजता येतं? हसू नका, खरंच सांगते. आमच्या शाळेच्या एखाद्या नोंदवहीत क्रमांकासाठी तीनच चौकोन आहेत असं समजा. ९९९ पर्यंत ठीक. हजारावं मूल आलं तर? १ लिहायला जागाच नाही, उरले ०००! डिस्कवरची माहितीही छोट्या छोट्या घरांत ठेवलेली असते. त्यांना म्हणतात सेक्टर. प्रत्येक घरात ५१२ बाइट मावतात आणि प्रत्येक घराला क्रमांक असतो. जुन्या आयडीई यंत्रांत हा क्रमांक लिहायला २८ चौकोन होते आणि प्रत्येकात फक्त ० किंवा १. आता २ ला २ ने गुणत २८ वेळा २ घ्या. येतील २६,८४,३५,४५६ घरं. त्यांना ५१२ ने गुणलं की १,३७,४३,८९,५३,४७२ बाइट, म्हणजे सुमारे १३७ जीबी. (वही काढा आणि पडताळून बघा. कॅल्क्युलेटर नको!)

त्यापुढची घरं अशा यंत्राला दिसत नाहीत. कधी कधी त्याहून वाईट घडतं. हजारावं मूल ००० वर जावं, तशी नवी माहिती डिस्कच्या सुरुवातीच्या घरांवर लिहिली जाते आणि तिथलं आधीचं पुसून जातं. २००२ च्या सुमारास ४८ चौकोनांची पद्धत आली, पण ती यंत्राला आणि त्यातल्या विंडोजला, दोघांनाही कळावी लागते. २००१ च्या मूळ विंडोज एक्सपीला ती कळत नव्हती. म्हणून आयडीई टफबुकला १२० जीबीची एसएसडी उत्तम. ४० च्या तिप्पट जागा आणि धोका नाही. साटावाल्यांना ही अडचण सहसा येत नाही. त्यांनी २५० किंवा ५०० जीबीची खुशाल घ्यावी. ५०० ची डिस्क विंडोजमध्ये ४६५ च दिसते, म्हणून दुकानदाराशी भांडू मात्र नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या.

मोजण्याचा हाच घोळ मेमरी कार्डातही आहे. साध्या एसडी कार्डाची मर्यादा २ जीबी, नंतरच्या एसडीएचसीची ३२. जुन्या खाचेला फक्त साधं एसडी कळत असेल तर ३२ चं कार्ड तिला दिसणारच नाही. आणि आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी : फार स्वस्तात मिळणारी '१ टीबी'ची कार्डं आणि पेन ड्राइव्ह बहुधा खोटे असतात. आत जागा असते थोडीशी आणि यंत्राला आकडा मोठा सांगितलेला असतो. खरी जागा संपली तरी कार्ड 'झालं, झालं' म्हणत राहतं आणि फाइली हरवतात. नवं कार्ड आणलं की पूर्ण भरून बघा, मग त्यातल्या फाइली परत उघडून बघा.

आता प्रत्यक्ष काम. हे मोठ्या माणसाला सोबत घेऊनच करायचं. आधी ओव्यांची एक प्रत दुसऱ्या कुठल्या तरी यंत्रावर घ्या आणि ती वाजते का ते ऐका. मग एसएसडी यूएसबी केबलने जोडून जुन्या डिस्कची पूर्ण नक्कल तिच्यावर उतरवा. नुसत्या फाइली नेल्या तर विंडोज सुरू होणार नाही. नक्कल करणारं सॉफ्टवेअर मिळतं, जमत नसेल तर दुकानदार करून देतो. यानंतर यंत्र बंद, चार्जर काढलेला, बॅटरीही काढलेली. डबीतली चपटी केबल फार नाजूक असते, ती हिसकू नका. जुन्या डिस्क बहुतेक ९.५ मिलिमीटर जाडीच्या, एसएसडी ७ ची. तेवढी फट पातळ पट्टी घालून भरा, नाहीतर ती आत खुळखुळेल. जुनी डिस्क निदान महिनाभर जपून ठेवा, तिच्यावर नवं काही लिहू नका.

आणि दार लावताना रबराची पट्टी स्वच्छ पुसून घ्या. तिच्यावर मातीचा कण अडकला तरी पावसाच्या पाण्याला आत शिरायला तेवढी फट पुरते.