हेगमध्ये जिंकलेला हक्क मखफरमध्ये मागता आला पाहिजे

अकामा, अडकलेला पगार आणि कंपनीचा मंदूब हे आपले नेहमीचे विषय. आज ते बाजूला ठेवून एका वकिलाबद्दल लिहायचं आहे. नाव तुम्ही टीव्हीवर ऐकलेलं असेल: हरीश साळवे. देशातल्या सर्वांत महागड्या वकिलांपैकी एक. मोठमोठ्या कंपन्या त्यांच्या दारात उभ्या असतात. अशा माणसाशी आपला काय संबंध, असं कुणीही विचारेल. संबंध आहे. 2017 ते 2019 या काळात त्यांनी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जो हक्क मांडून जिंकला, तो जलीबमध्ये एका खोलीत आठ जणांबरोबर राहणाऱ्या माणसालाही लागू आहे. फक्त त्या आठ जणांपैकी कुणाला तो माहीत नसतो.

आधी हा माणूस घडला कसा ते सांगतो. साळवे नागपूरचे. वडील एन. के. पी. साळवे चार्टर्ड अकाउंटंट, काँग्रेसचे खासदार, केंद्रात मंत्री. 1983 साली आपण क्रिकेटचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष तेच होते. आई डॉक्टर, आजोबा फौजदारी वकील. तेव्हा दिव्याखाली अभ्यास करून वर आल्याची गोष्ट इथे नाही, उगाच खोटं कशाला सांगा. पण एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांची कायद्याची पदवी लंडन-ऑक्सफर्डची नाही, नागपूर विद्यापीठाची आहे. आणि त्याच्याही आधी ते सीए झाले. म्हणजे सुरुवात हिशेबाच्या वह्यांपासून. करविषयक कायद्यातून ते वकिलीकडे वळले, नानी पालखीवालांचा आदर्श समोर होता. दिल्लीत सोली सोराबजींच्या चेंबरमध्ये काही वर्षं काम केलं. 1992 मध्ये ज्येष्ठ वकील झाले, 1999 ते 2002 देशाचे सॉलिसिटर जनरल होते. पुढे व्होडाफोनचा हजारो कोटींचा करवाद त्यांनी सर्वोच्च न्यायालयात 2012 मध्ये सरकारच्या विरोधात जिंकला. साठी ओलांडल्यावर, 2020 मध्ये, इंग्लंडच्या कोर्टांसाठी त्यांना क्वीन्स कौन्सेलचा मान मिळाला.

ते कामगारांचे वकील नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. 2015 साली सलमान खानला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली, त्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयात त्याच्या जामिनासाठी साळवेच उभे राहिले होते. ते प्रकरण होतं वांद्र्याच्या फूटपाथवर झोपलेल्या गरीब कामगारांच्या अंगावर गाडी गेल्याचं. उच्च न्यायालयाने पुढे सलमानला निर्दोष सोडलं. वकील ज्याचं वकीलपत्र घेतो त्याची बाजू मांडतो, हा त्या धंद्याचा नियम. त्यामुळे आपण कुणाला डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. त्यांनी केलेल्या कामातलं आपल्या उपयोगाचं काय, तेवढं उचलायचं.

आता ते काम. कुलभूषण जाधव हे आपल्या महाराष्ट्राचे, नौदलातले माजी अधिकारी. भारताच्या म्हणण्यानुसार ते इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेलं. पाकिस्तानच्या म्हणण्यानुसार ते हेर. मार्च 2016 मध्ये त्यांना अटक झाली आणि एप्रिल 2017 मध्ये लष्करी कोर्टाने फाशी सुनावली. मधल्या तेरा महिन्यांत भारताने पुन्हा पुन्हा मागणी करूनही आपल्या दूतावासाचा एक माणूस त्यांना भेटू दिला गेला नाही. भारत हेगला गेला. साळवेंनी या खटल्याची फी घेतली एक रुपया. तोही लगेच मिळाला नाही. सुषमा स्वराज यांनी 6 ऑगस्ट 2019 च्या संध्याकाळी फोन करून, उद्या येऊन तुमचा रुपया घेऊन जा, असं त्यांना सांगितलं आणि त्याच रात्री त्या गेल्या. पुढे त्यांच्या मुलीने तो रुपया साळवेंच्या हातावर ठेवला.

लोकांना हा रुपया लक्षात राहतो. आपण लक्षात ठेवायचं ते कलम. 1963 चा व्हिएन्ना करार, वकिलातींच्या कामाबद्दलचा, त्यातलं कलम 36. परदेशी माणसाला अटक केली की पोलिसांनी त्याला विनाविलंब सांगायचं, की बाबा रे, तुझ्या देशाच्या दूतावासाला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने मागणी केली की विनाविलंब कळवायचं. दूतावासाच्या अधिकाऱ्याला त्याला भेटायचा, बोलायचा, त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करायचा अधिकार. बस्स, एवढंच. जाधव हेर आहेत की नाहीत हा मुद्दा कोर्टासमोर नव्हताच. साळवेंनी सगळा जोर या एका कलमावर ठेवला: आरोप कितीही गंभीर असो, हा हक्क काढून घेता येत नाही.

17 जुलै 2019 रोजी न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी ते मान्य केलं. हेरगिरीच्या आरोपाला हे कलम लागू नाही हा पाकिस्तानचा मुद्दा फेटाळला. अटकेची बातमी तीन आठवड्यांनी कळवणं म्हणजे विनाविलंब कळवणं नव्हे, असंही म्हटलं. जाधवांना सोडून द्या, असं मात्र न्यायालयाने सांगितलं नाही. फाशी थांबवा, भेट द्या आणि शिक्षेचा खराखुरा फेरविचार करा, असा तो आदेश. जाधव सुटले नाहीत, पण जिवंत राहिले.

हे कलम फक्त बड्या प्रकरणांसाठी आहे असं समजू नका. 2004 मध्ये याच न्यायालयाने मेक्सिकोच्या बाजूने निकाल दिला होता. अमेरिकेत फाशीची शिक्षा झालेल्या मेक्सिकोच्या माणसांचं ते प्रकरण. त्यातल्या 51 जणांना या हक्काबद्दल वेळेवर सांगितलंच नव्हतं, असं न्यायालयाने ठरवलं. मेक्सिको हा आपल्यासारखाच, माणसं बाहेर पोटासाठी पाठवणारा देश. त्या सरकारने आपल्या माणसांसाठी अमेरिकेला कोर्टात खेचलं, हे आपल्या सरकारनेही विसरू नये.

आता कुवेतवर येऊ. कुवेत या करारात आहे, भारतही आहे. तेव्हा कलम 36 इथल्या प्रत्येक मखफरमध्ये लागू आहे. आपला माणूस मखफरमध्ये जातो तरी कशासाठी? खोलीतलं भांडण. दुसऱ्या ठिकाणी काम मिळालं म्हणून निघून गेला आणि कफीलने फरारची केस टाकली. दारू. किंवा गावाहून येताना कुणीतरी दिलेलं पार्सल, ज्यात लोणच्याच्या खाली भलतंच काही निघालं. तिथे सगळं अरबीत. समोर कागद येतो, सही कर म्हणतात. घाबरलेला माणूस करतो. कोर्टातही कामकाज अरबीत आणि उभा राहायला इथला परवाना असलेला वकील लागतो; मुंबईचा कितीही मोठा वकील आणला तरी तो तिथे बोलू शकत नाही. म्हणून पहिल्या दिवशी दूतावासाला कळणं याला फार किंमत आहे. सहा महिन्यांनी सुलैबियाच्या सेंट्रल जेलमधून निरोप आला तर तोवर जबाब, सही, निकाल सगळं होऊन गेलेलं असतं.

दूतावासाला काही करता येतं का, असं कुणी कुत्सितपणे विचारेल. सप्टेंबर 2017 मध्ये कुवेतच्या अमीरांनी 15 भारतीयांची फाशी जन्मठेपेत बदलली आणि 119 जणांची शिक्षा कमी केली. ते आपोआप झालं नव्हतं.

पण खरं गाऱ्हाणं पुढे आहे. संसदेत दिलेल्या उत्तरांत कुवेतच्या तुरुंगांतल्या भारतीयांचा आकडा शेकड्यांत असतो. जाधवांसाठी देश हेगला गेला, चांगलं केलं. त्या शेकडो जणांतल्या किती जणांना पहिल्या सुनावणीच्या आधी वकील मिळाला, हे सरकारने दरवर्षी जाहीर करावं. पैशाची सबब चालणार नाही. भारतीय समुदाय कल्याण निधी 2009 पासून आहे आणि गरजू माणसाला कायदेशीर मदत देणं त्याच्या कामांतच येतं. हा निधी भरतो कुठून? तुम्ही पासपोर्ट नूतनीकरण करता, कागद साक्षांकित करता, तेव्हा फीबरोबर जी छोटी रक्कम कापली जाते तिच्यातून. तो तुमचाच पैसा आहे. दान मागायला जातोय अशा चेहऱ्याने दूतावासाच्या खिडकीपाशी उभं राहू नका.

हेगच्या न्यायालयात फक्त देश जाऊ शकतो, तुम्ही-आम्ही नाही. म्हणूनच दूतावासाला मधे घालणं भाग आहे, आणि कलम 36 मधला तो छोटा शब्द विसरू नका: मागणी केली तर. तुम्ही गप्प बसलात तर कळवण्याची सक्ती राहत नाही. घरच्यांना कळेल, गावात अब्रू जाईल, या भीतीने आपली पोरं नाव सांगायलाही कचरतात. दूतावासाला कळवणं म्हणजे गावाला कळवणं नाही.

गावी बारावीला असलेल्या मुलाचा फोन आला की इंजिनीअरिंग की नर्सिंग, एवढीच चर्चा होते. कायद्याचं नावही निघत नाही. बारावीनंतर पाच वर्षांचा, पदवीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम, सीईटी देऊन प्रवेश. नागपूर, मुंबई, संभाजीनगरला तर राष्ट्रीय विधी विद्यापीठं आहेत. ज्याचा बाप आखातात राबला अशा मुलाने आंतरराष्ट्रीय कायदा आणि जोडीला अरबी शिकली, तर तो आपल्या कामाचा वकील होईल. असा एकही आज सहज सापडत नाही, ही आपली पोकळी आहे.

तोवर खोलीतल्या प्रत्येकाने हे पाठ करा. मखफरमध्ये नेलं तर न ओरडता, हात न उगारता म्हणायचं: "आना हिंदी. अबी अस्सफारा अल-हिंदिया." मी भारतीय आहे, मला भारतीय दूतावास हवा. जो कागद वाचता येत नाही त्यावर सही करण्याआधी दुभाषी मागायचा. आणि खोलीवर राहिलेल्यांनी त्याच दिवशी दूतावासाला फोन करायचा: त्याचं नाव, पासपोर्ट नंबर, बताका नंबर, कोणतं मखफर. हे चारही एका कागदावर लिहून आजच दाराच्या आत चिकटवून ठेवा, मखफरची जागा तेवढी रिकामी सोडा.